पाळीवरची बिळं

॥ श्री ॥

टेकाडी, पोष्ट मूल, जि. चांदा
ता. १३ एप्रिल १९५८

चि. सौ. कमळास भैयाजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. रुखमेनं ते नाकाशी धरून पाहिलं, पण तू लिहिलेला समुद्राचा वास काही तिला आला नाही. पाण्याला कधी वास असतो का, तुमची बहीण तिकडे जाऊन थापा मारायला शिकली, असं तिचं म्हणणं. तुझी वहिनी आहे, तिची समजूत तूच काढ.

आता बाबांचं सांगतो. आई गेल्यापासून त्यांचा घरात पाय ठरत नाही. दिवस उगवला की तलावाच्या पाळीवर, जेवायला हाक मारावी तर पाळीवर. गावात मालगुजाराचा अंमल होता तोवर तलावाचं दार त्यांच्या हाती होतं. कोणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी सोडायचं ते बाबा ठरवत आणि अख्खं गाव ऐकत असे. तलाव सरकारजमा झाला, दाराला कुलूप लागलं, नवा चौकीदार आला. बाबा मात्र अजून तिथेच उभे आहेत. मागच्या आठवड्यात धोंडा घेऊन कुलूप फोडायला निघाले. ओव्हरसीयरनं मला बोलावून बजावलं की म्हातारा पुन्हा पाळीवर दिसला तर ठाण्यात बसवीन. मी काय करू, सांग. बापाला दाव्यानं बांधून ठेवू?

जावईबुवा मे महिन्यात रजेवर इकडे येणार आहेत, तर परत जाताना बाबांना घेऊन जाऊ देत. एक पावसाळा तुझ्याकडे निघाला की डोकं थंड होईल. मी त्यांना सांगितलं, कमळीच्या दापोलीखाली असा तलाव आहे की त्याची पलीकडची पाळच दिसत नाही. त्यावर म्हणाले, मंग त्यातलं पाणी अडवून कोन राह्यलं?

अडलंय एकाच गोष्टीवर. पाऊस लागायच्या आधी पाळीवरची खेकड्यांची बिळं माती घालून टाचेनं दाबायची, हे काम ते दरसाल स्वतः करतात. बीळ राहिलं की त्यातून पाणी शिरतं आणि पाळ आतल्या आत खचते. बिळं बुजवल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकणार नाही म्हणून बसले. शेवटी मी देवापुढे हात जोडून कबूल केलं की यंदा बिळं मी बुजवीन, तेव्हा कुठे हो म्हणाले.

तुझी माया आहेच, थोडी आता बाबांसाठी शिल्लक ठेव.

तुझा भाऊ,
भैयाजी

॥ श्री ॥

दापोली, जि. रत्नागिरी
ता. १९ जून १९५८

ति. भाऊस कमळाचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा सुखरूप आहेत, पण त्यांना इथवर आणताना यांची पुरती दमछाक झाली. नागभीडला गाडी बदलताना बाबा फलाटावर बसूनच राहिले. बिळं आठवली, परत जातो, असं सुरू झालं. तू शब्द दिला आहेस असं यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा उठले. मुंबईहून आगबोटीत चढले ते धोतर डोक्यावरून घेऊन आडवे झाले. हर्णैला पडावात उतरवलं तेव्हाही डोळे मिटलेलेच. तेव्हा समुद्रातून आले खरे, पण समुद्र काही पाहिला नाही. आता पावसानं बोटी बंद झाल्या आणि खाली किनाऱ्यावर जायची सोय नाही. पाऊस उघडला की दाखवीन असं मी कबूल केलं आहे.

आमचं गाव डोंगरावर, त्यामुळे पडलेलं पाणी उतारानं धावत सुटतं. ते पाहून बाबा दिवसभर हळहळतात. एवढं पाणी जाऊन राह्यलं अन् कोनीच काही करत नाई, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. इथले लोक धानाला भात म्हणतात, तेही त्यांना पटत नाही. शिजल्याशिवाय भात कसा झाला, असं त्यांनी यांच्या कचेरीतल्या साहेबाला विचारलं. साहेब हसले, हे मात्र लाजेनं लाल झाले. आपण सगळे एकाच मोठ्या मुंबई राज्यात आलो म्हणून यांची इकडे बदली झाली, पण बाबा काही अजून त्या राज्यात आलेले नाहीत.

मासळी घेऊन आंजर्ल्याहून भागीमावशी म्हणून एक कोळीण डोंगर चढून येते, तिच्याशी त्यांचं छान जमतं. दोघांना एकमेकांचं निम्मं बोलणं कळत नाही, म्हणून भांडण होत नाही.

रोज एकच विचारतात, भैयानं बिळं बुजवली का? तेवढं स्पष्ट लिही. वहिनीला सांग की समुद्राचा वास पाकिटात मावत नाही, ती आली तर दाखवीन.

माझा विसर न पडो अशी इच्छा करणारी,
कमळा

॥ श्री ॥

टेकाडी
ता. २२ ऑगस्ट १९५८

चि. सौ. कमळास आशीर्वाद.

हे पत्र बाबांसमोर वाचू नकोस. ते झोपले असतील तेव्हा वाच.

आपला तलाव फुटला. अधिक श्रावण संपता संपता पावसानं जी झड धरली ती सुटेचना. तलाव काठोकाठ भरला. आम्ही सगळे पाळीवर होतो. तेव्हा चौकीदारानंही अडवलं नाही, उलट तोच टोपली वाहत होता. डोंगराकडच्या बाजूला आधी खालून गढूळ पाणी पाझरू लागलं. रामाजीनं तिथे पोती टाकली, मी टाचेनं माती दाबत राहिलो, आणि बघता बघता पायाखालची पाळ बसली. मला रामाजीनं दंडाला धरून ओढलं म्हणून हे पत्र लिहितो आहे. गावात माणूस एकही गेला नाही ही देवाची कृपा. पण खालच्या साऱ्या बांध्या वाळूखाली गेल्या. धान संपलं. तलावात आता मधोमध डबकं उरलं आहे, त्यात पोरं मासे धरतात.

बिळांचं विचारशील. मी गेलो होतो गं. चौकीदारानं हाकललं, तरी पहाटे दोनदा जाऊन जमेल तेवढी बुजवली. पण पाळ केवढी लांब, गवत केवढं, आणि कुठे बीळ आहे ते बाबांच्या पायाला कळतं, माझ्या नाही. आता रात्रंदिवस एकच मनात येतं, की त्या बाजूची माझ्याकडून राहिली असतील. रुखमा म्हणते, एवढ्या पावसापुढे कोणाचं काय चालतं. ती म्हणते ते मला कळतं, पण वळत नाही.

बाबांना हे कळलं तर ते जगणार नाहीत. आई गेल्यावर त्यांना धरून ठेवायला तो तलावच होता. तू काहीही सांग, पण हे सांगू नकोस. पाया पडतो म्हटलं तर तू लहान आहेस, म्हणून नुसतं विनवतो.

तुझा दुर्दैवी भाऊ,
भैयाजी

॥ श्री ॥

दापोली
ता. ९ सप्टेंबर १९५८

ति. भाऊस नमस्कार.

तुझं पत्र चुलीत घातलं आणि रडून घेतलं. मग बाबा बाहेरून आले, पोष्टमन दिसला होता, काय लिहिते भैया, म्हणून समोर बसले. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं, यांचं कचेरीचं एक पाकीट होतं. तेच उघडून मी वाचू लागले. सर्व खुशाल, धान उत्तम, तलाव भरला.

किती भरला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं काठोकाठ. तर चेहरा पडला. काठोकाठ नसते भरू द्यायचं, सांडव्यावरून जाऊ द्यायचं, त्या चौकीदाराले अक्कल नाई, म्हणाले. म्हणून पुढच्या खेपेला मी पाणी दोन हात उतरवलं. तर विचारतात, पाऊस चालू असताना उतरलं कसं? भाऊ, मला खोटं बोलायला काही वाटत नाही, पण तलावाबद्दल बाबांशी खोटं बोलता येत नाही. आता रोजच मी मनातल्या मनात तो तलाव भरते आणि उपसते. रात्री पाणी कुठे ठेवलं होतं ते सकाळी आठवत नाही.

तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस असं लिहिणार होते, पण ते मी सांगून काय उपयोग. ज्यांनी सांगायला हवं त्यांना तर आपण काही कळू देत नाही. मला यातून वाट दिसत नाही. तुला दिसली तर कळव.

हे म्हणतात, दसऱ्याच्या सुट्टीत बाबांना समुद्रावर नेऊ. भागीमावशीनं जेवायचं आमंत्रण दिलं आहे. तेवढंच त्यांचं मन रमेल.

वहिनीला माझ्या वतीनं जवळ घे.

तुझी,
कमळा

॥ श्री ॥

टेकाडी
ता. ४ ऑक्टोबर १९५८

चि. सौ. कमळास आशीर्वाद.

वाट कुठली दिसायला. आम्ही गावकरी जमून ठरवलं होतं की घरटी एक माणूस लावून पाळ बांधून काढू. ओव्हरसीयर म्हणतो, तलाव सरकारी, परवानगीशिवाय मातीला हात लावायचा नाही, मंजुरी येईल तेव्हा येईल. तो तरी काय करणार, त्याच्यावर आणखी साहेब आहे. इकडे दोघातिघांनी तलावाच्या पोटात लाखोळी पेरायला नांगर घातला आहे. एकदा तिथे पीक उभं राहिलं की मग तलाव परत मागायचा कोणी?

रुखमा माहेरी गडचिरोलीला गेली आहे, धान आणायला. मी घरीच असतो. पाळीकडे जात नाही.

बाबांना तिकडेच राहू दे. बोटी सुरू झाल्या तरी काहीतरी कारण काढ. तुला ओझं होतं हे मला समजतं. पण इथे आणून त्यांना काय दाखवू?

आणखी लिहवत नाही. आठवण काढत जा.

भैयाजी

॥ श्री ॥

दापोली
ता. २६ ऑक्टोबर १९५८

ति. भाऊस कमळाचा नमस्कार.

परवा आम्ही बाबांना घेऊन आंजर्ल्याला गेलो. सगळं पहिल्यापासून लिहिते, मधेच पत्र टाकून देऊ नकोस.

सकाळी पोचलो तेव्हा खाडी तुडुंब भरली होती. काठाला केवड्याची बेटं, पलीकडे माड, पाण्यावर पांढरे पक्षी आणि भागीमावशीच्या घरापुढे होड्या डुलत होत्या. बाबा कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. मग खाली उतरून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. एवढ्या पाण्याची नासाडी कोनं केली, म्हणाले. भागीमावशी पोट धरून हसली. मग आम्ही वाळूवर फिरलो, शिंपले वेचले, खडकांना चिकटलेली कालवं मावशीनं कोयत्यानं फोडून दाखवली. मला वाटलं, सहा महिन्यांत बाबा आज पहिल्यांदा मोकळे झाले.

तेवढ्यात त्यांना ओल्या वाळूतली भोकं दिसली. सगळीकडे खेकड्यांची बिळं. बाबा थबकले. मग काठी बगलेत मारून टाचेनं एकेक बीळ दाबू लागले. हे हसले, मीही हसले. बाबा मात्र हसत नव्हते. किनारा केवढा आणि त्यांची टाच केवढी. खेकडे मागून वर येत होते, हे पुढे दाबत चालले होते. शेवटी मीच दंडाला धरून त्यांना घराकडे आणलं.

दुपारी मावशीनं चूल पेटवली आणि आम्ही पडवीत टेकलो. बाबा जोत्यावर बसले होते. ओहोटी लागली. आम्हाला त्यात नवल राहिलेलं नाही, म्हणून त्यांना सांगून ठेवावं हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. आपल्या तलावाचं पाणी एकदा गेलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत गेलं, आणि ऐन भरलेलं पाणी असं भराभर उतरताना पाहायची वेळ येऊ नये म्हणून तर बाबांनी सारा जन्म घातला. खाडीतला चिखल उघडा पडला, होड्या कलंडल्या. बाबा उठले आणि ओरडले. पाळ फुटली, टोपली आना, माती आना! आम्ही बाहेर येईपर्यंत ते चिखलात शिरले होते, मांडीपर्यंत रुतले होते आणि तरी पुढेच चालले होते. भाऊ, ते नावं घेऊन हाका मारत होते. रामाजीला, नथ्थूला, आणि सगळ्यात जास्त तुला. भैया, धाव रे, धाव, असं. त्या रिकाम्या खाडीत ते ऐकताना मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मावशीच्या नवऱ्यानं आणि यांनी फळ्या टाकून त्यांना बाहेर काढलं. जमलेले लोक आधी हसले, मग त्यांनीही हात लावला. मावशीनं आंघोळीला ऊन पाणी आणि नेसायला नवऱ्याचं धोतर दिलं. तिनं समजावलं की हे पाणी रोज जातं नि रोज आपल्या पायानं परत येतं, कोणी आणावं लागत नाही. बाबांचा विश्वास बसला नाही. पान वाढलं तर जेवले नाहीत. आधी पानी येऊ दे, म्हणाले आणि पुन्हा जोत्यावर जाऊन बसले. कोणालाच घास उतरेना, म्हणून सगळ्यांची पानं झाकून ठेवली.

दिवस कलताना पाणी आलं. आधी एक बारीक धार, मग चिखल झाकला, मग होड्या हळूहळू सरळ झाल्या. बाबा ते सगळं पाहत होते. मग माझ्याकडे न बघता विचारलं, आपला कवा फुटला?

माझ्यानं खोटं बोलवलं नाही. मला क्षमा कर किंवा करू नकोस. मी सगळं सांगितलं, डोंगराकडची बाजू, रामाजी, वाळूखालच्या बांध्या, चौकीदार, लाखोळी, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं. तू वाचलास ना, एवढंच दोनदा विचारलं. मग हात धुऊन पाटावर येऊन बसले.

मावशीनं कुर्ल्यांचं कालवण केलं होतं. कुर्ल्या म्हणजे खेकडेच. मी त्यांच्यापुढची वाटी उचलायला हात केला, पण बाबांनी नांगी फोडली आणि शांतपणे जेवू लागले. तांदळाची भाकरी खाल्ली, भात पुन्हा मागून घेतला, सोलकढी प्याले. मावशीला म्हणाले, बाई, जेवण चांगलं झालं. मला एक घास गिळता आला नाही. मला वाटलं होतं ते कोसळतील, आणि मी त्यांना धरायला बसले होते. तसं काहीच झालं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. आता काय करायचं, मला खरंच कळत नाही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
कमळा

॥ श्री ॥

दापोली
ता. २ नोव्हेंबर १९५८

चि. भैयाजीले मुखरूचा आशीर्वाद. कमळी लिहून राह्यली, बोलून मी राह्यलो.

कमळीनं मले सारं सांगतलं. तिले रागावू नको. मी तिनं वाचलेल्या पत्रातल्या पाण्यावर कवाच भरवसा ठेवला नाई. आपला तलाव असा कवाच वागला नाई.

तू पाळीवर जात नाईस म्हंते. जात जा. बिळं माह्याकडून राह्यली, असं तुह्या मनात बसलं असन, तर ते काढून टाक. तेवढं पानी आल्यावर काहीच चालत नाई. मी असतो तरी फुटली असती.

सुनेले सांग, माहेराहून धान आनलं त्याची लाज धरू नको. तलावात लाखोळी पेरली त्याइच्याशी भांडू नको, त्याइचीही पोटं आहेत. सरकारले अर्जी लिही. उत्तर नाई आलं तर दुसरी लिही.

इथी पानी रोज जाते, रोज येते. पाहाले चांगलं वाटते. पन त्याले माह्यं काही काम नाई. बोटी सुरू झाल्या. जवाई मले मुंबईले गाडीत बसवून देते, तू नागभीडले घ्याले ये. आता चौकीदार मले काऊन अडवन? पाळ तुटली तेवढी तुटली, बाकीची तर उभी आहे. तिची बिळं बुजवाची राह्यली. तलावात पानी नाई म्हनून खेकडा काई थांबत नाई.

सारे सुखी राहा. म्हाताऱ्याले दाराबाहेर ठेवू नका.

तुहा बाप,
मुखरू

ता. क. भाऊ, बाबांनी सांगितलं तसं सगळं उतरवलं आहे. पत्र पुरं झाल्यावर त्यांनी ते वाचून दाखवायला सांगितलं नाही. फक्त 'मी असतो तरी फुटली असती' एवढं वाक्य नीट लिहिलं आहे ना, ते मात्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

कमळा